बीच पाहावा निवडून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्याला कुणी स्पेनच्या मायोर्का बेटाचा नकाशा दाखवला नसणार. दाखवला असता तर त्याने घर नि लग्न दोन्ही बाजूला सारून आधी ‘बीच पाहावा निवडून’ असं लिहिलं असतं आणि मग अंथरूण धरलं असतं.

अहो, झालंय काय या युरोपला? समुद्रावर जाऊन पडायचं, एवढंच ना काम? उन्हात पालथं पडायचं, मग उताणं पडायचं, कातडी चरचरायला लागली की पाण्यात शिरायचं. भरताच्या वांग्यालाही याहून जास्त कष्ट नसतात. पण नाही! त्याआधी सहा महिने खल. बाहेर जानेवारीचा गारठा आणि आत लीड्सपासून डॉर्टमुंडपर्यंत नवरा-बायको मांडीवर लॅपटॉप घेऊन भांडतायत. मुद्दा काय, तर जुलैत कुठल्या खाडीकाठी पडायचं! खोलीतून समुद्र समोर दिसतो की मान वाकडी केल्यावर दिसतो? बाल्कनीत ऊन सकाळचं की संध्याकाळचं? वाळू आहे की खडे? खडे असतील तर केवढे? जुन्या काळी मुलगी बघायला येणाऱ्या आत्याबाईसुद्धा इतक्या खोलात शिरत नव्हत्या.

आणि बेट तरी केवढं? ३,६४० चौरस किलोमीटर. आपला गोवा ३,७०२. म्हणजे पेडणं ते काणकोण एवढाच पसारा, फक्त चहूबाजूंनी पाणी. वस्ती दहा लाखांच्या आत. आणि २०२४ साली बेटावरच्या पाल्माच्या विमानतळावर आल्यागेल्यांची मोजदाद किती भरली? तीन कोटी तेहतीस लाख! येताना एकदा नि जाताना एकदा असं प्रत्येक डोकं दोनदा मोजलं असेल, मान्य. तरी निम्मं करून बघा. घरात माणसं दोन आणि पाहुणे निदान तेहतीस, असा हिशेब होतो. आपल्याकडे गणपतीत दीड दिवस असं झालं तर यजमानीणबाई माहेरी निघून जातात.

बरं, बेटाचं नाव उच्चारता कसं, इथपासूनच वर्गवारी सुरू. ‘मजॉर्का’ म्हणाल तर तुम्ही पॅकेजवाले. ‘मायोर्का’ म्हणाल तर जाणकार. जर्मन मंडळी लाडाने ‘माले’ म्हणतात, आपण बंड्या-बाळ्या म्हणतो तसं. त्यांचा जीवच इतका जडलाय की १९९३ च्या उन्हाळ्यात बव्हेरियाच्या एका खासदाराने, हे बेट जर्मनीने पदरात पाडून घ्यावं, अशी पुडी सोडली आणि वर्तमानपत्रांनी ती चवीने चघळली. जर्मनीत राज्यं सोळा. मायोर्काला ‘सतरावं’ म्हणायचा विनोद तिकडे अजून शिळा झालेला नाही. स्पेनला विचारलं होतं का? छे, मुलीला कोण विचारतं!

आता बेटावर तुम्ही कुठे उतरलात, यावरून तुमचं गोत्र ठरतं. मागालूफ घ्या. ब्रिटिश तरुणांनी पहिलं अक्षर बदलून या गावाला एक टोपणनाव ठेवलंय. त्याचं मराठी इथे छापलं तर संपादक मला घरी बसवतील. त्याला चिकटूनच पाल्मा नोवा. चालत गेलं तरी पोचतं माणूस, पण तिथे पोराबाळांसह उतरलेल्या कुटुंबाला नुसतं ‘म्हणजे मागालूफच की’ म्हणून बघा. शनिवारवाड्याशेजारच्याला ‘तुम्ही स्वारगेटचे ना’ म्हटल्यासारखा चेहरा होतो. सांता पोन्सा आयरिशांचं, पगेरा जर्मनांचं. आल्कुदिया लेकुरवाळ्यांचं, कारण तिथे कितीही आत चाललं तरी पाणी कमरेच्या वर यायला तयार नसतं. पोयेन्साचं बंदर निवृत्त इंग्रजांचं: काठावर पाइनची झाडं, झाडाखाली बाक, बाकावर आजोबा, आजोबांच्या पोटावर उघडं पुस्तक. अगाथा ख्रिस्तीने एक कथा याच खाडीवर घडवली होती, त्यामुळे इथे पहुडणं हे साहित्यिक कार्यात मोडतं.

आणि सर्वांत वरती, डोंगराच्या कुशीत, देया. रॉबर्ट ग्रेव्हज हा इंग्रज कवी १९२९ साली तिथे जाऊन राहिला, आणि तेव्हापासून त्या गावाने नाक जे वर केलंय ते अजून खाली नाही. समुद्र म्हणाल तर खडकांत अडकलेली चिमूटभर खाडी, वाळूच्या जागी गोटे. पण देयाला माणूस समुद्रासाठी जातोच कुठे? परत आल्यावर ‘आम्ही देयाला होतो’ असं हळू आवाजात म्हणता यावं, म्हणून जातो. हळू आवाज महत्त्वाचा. मोठ्याने म्हणणारे मागालूफचे.

पेयपानाची तऱ्हा तर विचारूच नका. विचारताय? बरं, सांगते. पाल्माजवळच्या किनाऱ्यावर ‘बाल्नेआरियो सहा’ नावाची एक टपरी होती. बाल्नेआरियो म्हणजे किनाऱ्यावरचं स्नानगृह. जर्मन जिभेला ते काही वळेना, म्हणून त्याचं झालं ‘बालरमान’. आज अख्ख्या परिसराचं तेच नाव आहे, आणि ते ऐकून सभ्य जर्मन माणूस नाक मुरडतो. मुरडतो आणि सुटी टाकतो. तिथली जुनी रीत अशी की बादलीत सांग्रिया ओतायची, भोवती मित्र बसवायचे आणि लांबच लांब नळ्यांनी सगळ्यांनी मिळून ओढायची. बादलीत! आपल्याकडे बादलीने फक्त पंगतीत आमटी वाढतात, आणि तिथेसुद्धा कुणी नळी घालत नाही.

शेवटी सरकारला कंठ फुटला. जानेवारी २०२० मध्ये, मायोर्का ज्यात येतं त्या बालेआरिक बेटांच्या सरकारने फर्मान काढलं: मागालूफ, पाल्माचा किनारा आणि शेजारच्या इबिझातलं सांत आंतोनी, या गावांच्या ठरावीक भागांत ‘सगळं आत धरून’ पैसे भरलेल्या पाहुण्याला पेले मिळतील दिवसाला सहा. तीन दुपारच्या जेवणासोबत, तीन रात्रीच्या. रेशनकार्ड तेवढं छापायचं राहिलं. त्याच फटक्यात बाल्कनीतून पोहण्याच्या तलावात उड्या मारणाऱ्यांना दंड ठरला, सहा हजार युरोपासून साठ हजारांपर्यंत. (त्या खेळात पोरं जिवानिशी गेली आहेत, तेव्हा त्यावर हसायला जीभ उचलत नाही.) पण सहा पेल्यांवर हसलंच पाहिजे. नकाशावर आखलेल्या त्या रेषेच्या जेमतेम पलीकडे कुठलं हॉटेल येतं, हे शोधायला तेव्हापासून कुणीच बसलं नसेल, असं वाटतं तुम्हाला? तुमच्या भाबडेपणाला नमस्कार.

बरं, निवडलं गाव, निवडलं हॉटेल, बाल्कनीसुद्धा मनासारखी. सुटलात? मुळीच नाही. आता खुर्ची! आडवं होण्याची ती लांबलचक खुर्ची, जिला सगळं जग सनबेड म्हणतं. पहाटे साडेसहाला हॉटेलच्या तलावाचं फाटक बंद असतं आणि फाटकाबाहेर रांग असते. सगळ्यात पुढे एक आजोबा. पायांत रबरी सपाता, अंगात कालचाच बनियन, खांद्यावर घडी केलेले पाच टॉवेल आणि नजर अशी की खंडाळ्याच्या घाटात गनिमाची वाट पाहतायत. कुलूप निघतं. आजोबांना गुडघेदुखी आहे, हे आजोबा विसरतात. पाच टॉवेल पाच खुर्च्यांवर पडतात, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर प्लॅस्टिकचे चिमटे बसतात, आणि मग आजोबा? आजोबा खोलीत जाऊन झोपतात! साडेदहापर्यंत. उन्हाला बसतात टॉवेल.

हसू नका. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारं आपलं राष्ट्र आहे. रुमाल ज्याचा, त्याची जागा, हा कायदा आपण लाल डब्यात शिकलो. फक्त आपण रुमाल टाकून घरी झोपायला जात नाही, एवढीच आपली संस्कृती.

तिकडे मात्र प्रकरण कोर्टात गेलं. काव्य नाही, खरंच गेलं. ऱ्होड्स बेटावर सहकुटुंब गेलेल्या एका जर्मन गृहस्थाला खुर्ची काही मिळेना. हॉटेलचा नियम होता की अर्ध्या तासापेक्षा जास्त रिकामा पडलेला टॉवेल उचलायचा. पण उचलतो कोण? गृहस्थ घरी आले, दावा ठोकला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये हानोव्हरच्या न्यायालयाने त्यांना तीनशे बावीस युरो आणि वर चिल्लर परत मिळवून दिली. प्रवास कंपनीने खुर्च्यांची व्यवस्था नीट लागेल हे पाहायला हवं होतं, असा निवाडा. न्यायमूर्तींनी निकाल लिहून झाल्यावर स्वतःची सुटी कुठे काढली असेल, याची मला भयंकर उत्सुकता आहे. आणि टॉमस कुकने तर त्याआधीच, २०१८ मध्ये, काही हॉटेलांत ठरावीक खुर्ची घरबसल्या राखून ठेवायची सोय काढली होती, पंचवीस युरोत. पुढच्याच वर्षी ती जुनीजाणती कंपनी बुडाली. कारणं वेगळी होती हो, पण टॉवेलवाल्या आजोबांनी त्या दिवशी मनातल्या मनात पेढे वाटले असणार.

या वेडाचं मूळ शोधायला गेलं तर १९५० सालात जावं लागतं. व्लादिमीर राइट्झ नावाच्या माणसाने लंडनहून कोर्सिका बेटावरच्या काल्वी गावी विमानाने माणसं नेली: बत्तीस पौंड दहा शिलिंगांत प्रवास, राहणं, जेवण सगळं. सरकारने परवानगी दिली ती फक्त शिक्षक आणि विद्यार्थ्यांपुरती. राहायचं कुठे? तंबूत. ब्रिटनमध्ये तेव्हा मटणावर रेशन होतं, त्यामुळे दोन वेळा मांसाहार मिळणार यावरच मास्तर खूश. निवड करायला होतंच काय? एक विमान, एक गाव, एक तंबू. समुद्र समोर की बाजूने, असं कुणी विचारलं नाही. तंबूला बाजू कुठली? पुढे दोन वर्षांत मायोर्काची वारी निघाली, आणि मग निवडायला इतकं झालं की निवडणं हीच सुटी होऊन बसली.

तक्रार मात्र त्याहून जुनी. १८३८ च्या नोव्हेंबरात शोपँ हा पियानोवादक आणि जॉर्ज सांड ही लेखिका हवापालट करायला मायोर्काला आले. कोण आलं? छाती अधू असलेला माणूस. कधी? हिवाळ्यात. शेवटी कुठे जाऊन राहिले? वायदेमोसाच्या डोंगरातल्या रिकाम्या मठात! अहो, गाव निवडताना जरा चौकशी करायची ना! पाऊस कोसळला, शोपँचा खोकला वाढला, पॅरिसहून मागवलेला पियानो जकातीत अडकला, आणि क्षयाच्या भीतीने गावकरी चार हात लांब राहिले. सांडबाईंनी घरी जाऊन काय केलं? पुस्तक लिहिलं. निसर्गाला पैकीच्या पैकी आणि माणसांना शून्य. बेटावरच्या लोकांची त्यात अशी काही सालटी काढली आहेत की आजच्या एका ताऱ्यावाल्यांनी शिकवणी लावावी. आणि वायदेमोसाकरांचा मोठेपणा बघा, तेच पुस्तक आज ते गावात अनेक भाषांत मांडून विकतात. शिव्यांचेही पैसे झाले. याला म्हणतात धंदा.

आता ताऱ्यांचा विषय निघालाच आहे तर हॉटेलांचे ते अभिप्राय वाचा एकदा. वाचा म्हणजे काय, वाचताच की तुम्ही. रात्री बारानंतर, पांघरुणात, मोबाइलचा उजेड कमी करून. जायचं ना यायचं, पण मायोर्कातल्या एका हॉटेलातल्या उशा पातळ आहेत हे आपल्याला ठाऊक असतं. सगळ्यात गंमत त्या समुद्री गवताची. पोसिडोनिया म्हणतात त्याला. लाटांबरोबर तपकिरी पट्ट्यांचे ढीग किनाऱ्यावर येऊन पडतात, आणि अभिप्रायकर्ते बोंब मारतात: घाण, घाण! अरे बाबांनो, ती घाण आहे म्हणून तर तुमच्या बुडाखाली वाळू आहे. पाण्याखालची तीच कुरणं वाळू धरून ठेवतात आणि पाणी आरशासारखं निवळ राखतात. त्यावर नांगर टाकायलासुद्धा तिथे बंदी आहे. पण सांगणार कुणाला? फोटोत निळा पाहिजे, तपकिरी नको.

फोटो! त्या फोटोंनी तर काही खाड्यांची पार वाट लावली. तिकडच्या भाषेत छोट्या खाडीला म्हणतात ‘काला’. आपल्याला काला म्हटला की दही, पोहे, लोणचं, डाळिंबाचे दाणे आठवतात, आणि ऑगस्टातल्या त्या खाड्या पाहिल्या की शब्द आपलाच असावा अशी खात्री पटते. कोण कुणाचा पाय, कुणाची छत्री, कुणाचं पोर, काही वेगळं काढता येत नाही. वरून हंडी तेवढी लटकवायची बाकी. कालो देस मोरो नावाचा एक इवलासा कोपरा एवढा गाजला की २०२४ च्या जूनमध्ये गावकरीच सकाळी लवकर जाऊन तिथे बसले, आमचा किनारा एक दिवस तरी आम्हाला द्या म्हणून. पुढच्या महिन्यात पाल्माच्या रस्त्यांवर हजारोंचा मोर्चा निघाला. घरभाडी आवाक्याबाहेर गेलेल्या माणसाला आपल्या टॉवेलांचं कौतुक किती असणार?

पण सगळ्यात मानलं पाहिजे ते मानाकोरकडच्या पोरांना. २०२३ च्या ऑगस्टात त्यांनी किनाऱ्यांवर पाट्या ठोकल्या. मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत: धोकादायक जेलीफिश! दरड कोसळते! आणि खाली बारीक अक्षरांत, कातालान भाषेत, गाववाल्यांसाठी खुलासा: काही धोका नाही, या, पोहा. अस्सल पुणेरी हात! दुपारी एक ते चारवाल्यांनीही टोपी काढावी अशी पाटी.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं, आपल्याला काय त्याचं? हेच मी म्हणत होते, परवापरवापर्यंत. मग श्टुटगार्टच्या मावसबहिणीने कुटुंबाच्या ग्रुपवर एक एक्सेल शीट टाकली. एकवीस गावं, अकरा रकाने: विमानतळापासून अंतर, वाळूचा रंग, पाण्याची खोली, घोळक्याने फिरणारे नवरदेव दिसतात का, शाकाहारी काय मिळतं. ‘मत द्या’, असं म्हणाली बिचारी. आणि मतं आली हो! गणपतीपुळ्यापलीकडे समुद्र न पाहिलेल्या मामांनी सांगितलं की पश्चिमेच्या काठाला डोंगर आडवा येतो, तिथे सोयेर सोडून धड बंदर नाही. काकूंनी सोयेरची १९१३ पासूनची लाकडी ट्राम शोधून काढली आणि तीन दिवस तिचेच व्हिडिओ पाठवले. डोंबिवलीच्या मावशीने, म्हणजे त्या मावसबहिणीच्या आईनेच, काला दोरवर फुली मारली. का? तर ‘सगळी घरं पांढरी, दुपारी डोळ्यांना त्रास होईल’. पासपोर्ट तेव्हा मावशीच्या कपाटातसुद्धा नव्हता. मतभेद एवढे वाढले की देयावाल्यांनी वेगळा ग्रुप काढला. मी तटस्थ होते. तटस्थ राहून पोयेन्साच्या एकतीस हॉटेलांचे अभिप्राय वाचले, एवढंच.

शेवटी आल्कुदिया ठरलं. मावशीने पासपोर्ट काढला, व्हिसा काढला, बॅगेत मेतकूट भरलं आणि लेकीबरोबर गेली. मागालूफमध्ये इंग्रज विमानाने जाऊन घरचंच सॉसेज नि बीन्स खातात, म्हणून आपण महिनाभर खिदळलो होतो. मेतकुटाबद्दल ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही.

चौथ्या दिवशी फोटो आला. सकाळचे सात, तलावाचं पाणी निश्चल, काठाने खुर्च्यांची रांग आणि रांगेभर जर्मन टॉवेल. पहिल्या ओळीत, अगदी छत्रीखालच्या दोन खुर्च्यांवर, पसरलेली एक लाल-निळी सोलापुरी चादर. चारही टोकांना कपडे वाळत घालायचे चिमटे. खाली मावशीचा संदेश: ‘आजोबा दुसरे आले.’

पुढच्या वर्षीची शीट कालच आली. या खेपेला क्रीट, रकाने चौदा. हानियाला जाऊन आलेलं कुणी तुमच्यात असेल तर कृपा करून कळवा: जुन्या बंदरापाशी राहावं की अगिया मरीनाला? मावशी विचारतेय. मी काय, मी नुसती बघतेय.